बसू देणं हीसुद्धा सेवाच



सोसणं म्हणजे तप, असं आपण ऐकत आलो. पण कुणाचं सोसणं? पुंडलिकासाठी विठोबा विटेवर उभा राहिला, तो प्रेमानं, आपखुशीनं. आपल्या इंदुरात राजवाड्यापाशी कपड्यांच्या दुकानातली मुलगी दिवसभर उभी असते, ती नोकरीसाठी. तिच्या कंबरदुखीला तप म्हणणं म्हणजे आपली सोय बघणं.

एकसारखं उभं राहिलं की पाठीच्या स्नायूंना उसंतच मिळत नाही. ते थकतात, आखडतात. तासन्‌तास बसून शिवणाऱ्याचं, गाडी चालवणाऱ्याचंही तेच. शरीराला उभं राहणं चालतं, बसणंही चालतं. एकाच जागी अडकून राहणं सोसत नाही.

केरळात दुकानांतल्या बायका बसण्याच्या हक्कासाठी लढल्या, तेव्हा २०१८ मध्ये कायदा बदलला. तामिळनाडूत २०२१ मध्ये. एका स्टुलासाठी कायदा लागावा? मालकांना वाटतं, बसलेली मुलगी गिऱ्हाइकाला आळशी दिसेल. आणि गिऱ्हाईक कोण? आपणच ना!

दुसऱ्याच्या कष्टावर आपला मान उभा असेल, तर तो मान सोडावा. म्हणून आम्ही सेविकांनी ठरवलंय: दुकानात गेलो की म्हणायचं, "बेटा, बैठके दिखाओ." घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंसाठी ओट्यापाशी स्टूल ठेवायचं. महाप्रसादाच्या पोळ्या लाटतानाही अर्ध्या तासानं पाळी बदलायची.

तुम्हीही आपापल्या घरी, दुकानी एवढं कराल ना?