वराच्या अटी, फाइलच्या अटी

परभणीहून गंगाखेडकडे निघालेली गाडी वाटेत ‘पोखर्णी नृसिंह’ या स्टेशनावर थांबते. गावाचं आणि देवाचं नाव एकाच पाटीवर आलं आहे. इथला नृसिंह मराठवाड्यातल्या अनेक घराण्यांचं कुलदैवत. वैशाख शुद्ध चतुर्दशीला त्याचा जन्म साजरा होतो तो दिवस मावळताना, आणि ही वेळ उगाच ठरलेली नाही. ती एका वरातल्या अटीतून आली आहे.

भागवताच्या सातव्या स्कंधात हिरण्यकशिपू मंदर पर्वतावर घोर तप करतो आणि ब्रह्मदेवापुढे मागण्या मांडतो. मृत्यू आत नको, बाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. जमिनीवर नको, आकाशात नको. माणसाकडून नको, पशूकडून नको, शस्त्राने नको. एकही फट राहू नये अशा बेताने केलेला हा मसुदा आहे. पुढे खांब फुटतो तेव्हा देव यातली एकही अट मोडत नाही. वेळ संध्याकाळची, जागा उंबरठ्याची, दैत्य मांडीवर, हत्यार म्हणजे नखं, आणि रूप ना धड माणसाचं ना पशूचं. दिलेला वर अक्षरशः पाळला जातो आणि हिरण्यकशिपू मरतो.

त्याची चूक अटी कमी पडण्यात नव्हती. यादीत आलं तेवढंच जग, असं तो धरून चालला. सगळ्या अटी पाळल्या म्हणजे सत्य पाळलं गेलं का, हा या कथेतला प्रश्न आज छपाईच्या टेबलावर रोज येतो. तिथे त्याला धर्माचा प्रश्न म्हणत नाहीत, इतकंच.

मराठी दिवाळी अंकाची परंपरा १९०९च्या ‘मनोरंजन’पासून, काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या अंकापासून धरतात. तेव्हापासून आजवर हा अंक बव्हंशी जाहिरातींच्या बळावर उभा राहतो. गणपती उठले की जाहिराती यायला लागतात. कुणी कोरलची फाइल पाठवतो, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, कुणी नुसतं व्हिजिटिंग कार्ड देऊन ‘यावरून करा’ म्हणतो. बियाण्याचं दुकान, पतसंस्था, मंगल कार्यालय, दवाखाना, वर देवाचं चित्र आणि खाली शुभेच्छा. हे सगळं छापखान्याला हव्या त्या साच्यात बसवायचं काम डीटीपी करणाऱ्याकडे येतं.

साचा कडक आहे, आणि त्याला कारण आहे. रंगीत पानं संगणकावर जोडायला सुरुवात झाली तेव्हा इस्रायलची सायटेक्स, ब्रिटनची क्रॉसफिल्ड, जर्मनीची हेल अशा कंपन्यांची यंत्रं आपापल्या भाषेत बोलत. एकाची फाइल दुसऱ्याला कळत नसे. एकच जाहिरात अनेक मासिकांत द्यायची तर ही मोठी अडचण. म्हणून टिफ-आयटी नावाचा सामाईक प्रकार आला आणि १९९८ मध्ये तो आयएसओ १२६३९ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यात छायाचित्राचा भाग वेगळा, अक्षरं-रेषांचा भाग वेगळा आणि दोन्ही जोडणारं अंतिम पान वेगळं. २००१ मध्ये पीडीएफ-एक्स-१ए हे पुढचं मानक आलं. त्याच्या अटी अशा: प्रत्येक फॉन्ट फाइलच्या आतच हवा. रंग छपाईच्या चार शाईंचे किंवा ठरलेल्या खास शाईचे, पडद्यावरचे लाल-हिरवा-निळा चालणार नाहीत. पारदर्शक थर नकोत. कुलूप नको. पान कुठे कापायचं ते नोंदलेलं हवं आणि कोणत्या छपाईसाठी फाइल बनवली तेही लिहिलेलं हवं.

या सगळ्यामागचा हेतू लक्षात घेण्याजोगा आहे. पाठवणारा आणि छापणारा यांना एकमेकांशी एक शब्दही बोलावा लागू नये, तरी छापून तेच यावं जे पाठवलं. दोन अनोळखी माणसांमधला विश्वास एका फाइलमध्ये भरून ठेवायची ही धडपड आहे, आणि तिचा मान राखायला हवा.

अटींची किंमत कळायला एक अनुस्वार पुरे. सात पॉइंटच्या टायपातला तो ठिपका फक्त काळ्या शाईत छापला तर नेटका येतो. पण पडद्यावरचा काळा रंग तसाच छपाईच्या रंगांत बदलला तर तो चारही शाईंचा मिळून होतो. मग चार प्लेटा तसूभर जरी हलल्या तरी ठिपक्याभोवती निळी-गुलाबी किनार उठते, वेलांट्या फुगतात, पत्ता वाचता येत नाही. बारीक मजकूर एकाच काळ्यात ठेवा, हे छापखानेवाले जीव तोडून सांगतात ते यासाठी.

देवाचं चित्र असं शाईशाईंत फोडणं धर्माला चालतं का, अशी शंका कुणाला येईल. तिचं उत्तर महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच मिळालं. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये घाटकोपरला शिळाप्रेस काढला. तिथे एका तैलचित्राचे रंग वेगवेगळ्या दगडांवर उतरवले जात. कोणत्याही एका दगडावर पूर्ण लक्ष्मी नव्हती, पूर्ण सरस्वती नव्हती. कागदावर एकावर एक छाप बसत गेले की देवी दिसे. तीच चित्रं लोकांनी चौकटीत घालून देवघरात लावली आणि त्यांना हळदकुंकू वाहिलं. किती दगड लागले, हे कुणी विचारलं नाही. देव रूप बदलतो, हे ज्या परंपरेला दहा अवतारांतून माहीत आहे तिला फाइलचा प्रकार बदलण्याचं भय नाही.

भय दुसऱ्या ठिकाणी आहे.

मराठी फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की अक्षरं बिघडतात, या जुन्या गोंधळावर छापखान्यांनी एक सोपा उपाय शोधला: ‘कर्व्ह करून पाठवा.’ कर्व्ह केलं की अक्षर संगणकासाठी अक्षर राहत नाही, नुसता आकार होतो. फॉन्ट असो वा नसो, छापून तेच येतं. पण एका जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये येताना ‘पोखर्णी’चा रफार गळला, ‘पोखणी’ झालं, आणि तसंच कर्व्ह केलं, तर आता ही चूक शोधायला कोणतंही यंत्र कामाचं नाही. तपासणीचं सॉफ्टवेअर फॉन्ट पाहील, रंग पाहील, कापताना पांढरी कड राहू नये म्हणून पानाबाहेर सोडलेलं ब्लीड पाहील आणि हिरवी खूण देईल. पोखर्णीहून पुढे गेलं तर गंगाखेड, जनाबाईचं गाव. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात नर्सी, नामदेवांचं. रूपाआधी नाम धरणाऱ्या संतांचा हा मुलूख. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये नेमकं उलटं घडतं: रूप राहतं आणि नाम निघून जातं. म्हणून कर्व्ह करण्याआधी एका माणसाने मजकूर मोठ्याने वाचणं आणि कर्व्ह न केलेली मूळ फाइल जपून ठेवणं, ही दोन कामं कुठल्याही मानकात लिहिलेली नसली तरी टाळता येत नाहीत.

रफाराची चूक पुढच्या अंकात दुरुस्त होते. त्याहून जड गोष्ट दुसरी. समजा, जाहिरातीत वर नृसिंहाचं चित्र आहे आणि खाली ओळ आहे: मधुमेह मुळापासून बरा, खात्रीशीर. फॉन्ट आत आहेत, रंग चार आहेत, तीन मिलिमीटर ब्लीड सोडलेलं आहे. फाइल निर्दोष. मजकूर खोटा. बाराही महिने साखरेच्या गोळ्या घेणारी एखादी म्हातारी ही ओळ वाचून गोळ्या सोडेल, कारण वर देव आहे आणि अंक घरात दरवर्षी येतो.

जबाबदारी कुणाची? संपादकाचं उत्तर अंकातच छापलेलं असतं: जाहिरातींतील मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही. डीटीपीवाला म्हणतो, मला साचा सांगितला, मी साचा भरला. हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. रात्री अकराला आलेली जाहिरात सकाळी प्लेटला द्यायची असते, मोबदला पानावर ठरलेला असतो, आणि प्रत्येक टाइप करणाऱ्याने प्रत्येक मजकुराचा न्याय करायला घेतला तर उद्या न पटलेली कविताही तो अडवील. ही भीती खरी आहे.

तरी पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात केलेली विभागणी इथे बाजूला सारता येत नाही. हिंसेसारखी कृत्यं तीन प्रकारची असतात, असं ते मानतात: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमती दिलेली. जैन विचारातही हीच तीन दारं आहेत. जाहिरात रचली औषधवाल्याने, छापायला लावली व्यवस्थापकाने. पण प्रूफवर ‘ओके’ लिहून सही केली त्याने तिसऱ्या दारातून आत पाऊल टाकलंच. कवितेशी मतभेद असणं आणि रोग्याला फसवणाऱ्या ओळीला संमती देणं यांतला फरक टेबलावर बसलेल्या माणसाला कळतो, फार शिकलेला नसला तरी कळतो.

देशाचा कायदाही याच बाजूचा आहे. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४चा. ठरावीक रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींच्या प्रसिद्धीत कुणीही भाग घेऊ नये, असं तो सांगतो. त्या रोगांच्या यादीत मधुमेह आहे, कर्करोग आहे. आणि ‘भाग घेणं’ यात जाहिरात छापणं येतं, हे त्याने व्याख्येतच नोंदवलं आहे. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. साच्याआड उभं राहायला कायद्याने छापणाऱ्याला जागा ठेवलेली नाही.

नृसिंहाने अटी धुडकावल्या नाहीत, हेही विसरू नये. संध्याकाळपर्यंत थांबून, उंबरठा गाठून त्याने त्या एकेक करून पाळल्या. भागवत सांगतं, तो प्रकटला ते आपल्या भक्ताचा शब्द खरा करण्यासाठी. देव सर्वत्र आहे असं प्रल्हाद म्हणाला होता, तेव्हा खांबातही असायलाच हवा होता. म्हणजे अटी काटेकोर पाळायच्या आणि शब्दही खरा राखायचा, अशी दुहेरी जोखीम त्याने घेतली. फाइल बनवणाऱ्याकडून याहून कमी मागण्याचं कारण दिसत नाही. ब्लीड तीन मिलिमीटरच हवं, बारीक मजकूर एकाच काळ्यात हवा, फॉन्ट आत हवेत. आणि मधुमेहाची ती ओळ दिसली तर प्लेट निघण्याआधी जाहिरातदाराला एक फोन हवा: “साहेब, ‘मुळापासून बरा’ काढावं लागेल, नाहीतर पान परत घ्या.” मानक तयार करणाऱ्यांनी जो फोन टाळण्यासाठी इतकी वर्षं खपून साचा घडवला, तोच हा फोन. अंकाच्या वेळापत्रकात त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवणं प्रकाशकाच्या हातात आहे, आणि ते गणपतीआधीच ठरवायला हवं.