दुसऱ्याची रात्र

झोप ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असा आपल्यांपैकी बहुतेकांचा समज असतो. दुसऱ्याचे धन हिरावून घेता येते, अन्न हिरावून घेता येते. झोप मात्र कोणी कोणाची नेत नाही, असे आपण धरून चालतो. हा समज कितपत खरा आहे, याचा येथे थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

काकड आरतीने देवास जागवावे व शेजारतीने निजवावे, ही आपल्या देवालयांची जुनी रीत होय. तसाच नेम शरीरातही चालू असतो. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे एकमेकांस ओलांडतात त्याच्या वरच्या अंगास, पेशींचे दोन चिमुकले पुंजके आहेत. उजेड-अंधाराच्या आधाराने ते सर्व देहाची वेळ लावतात. हृदयाच्या पेशींतही अशी घड्याळे आहेत. पेशीतील हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या घड्याळाचा हृदयाशी निकट संबंध आहे. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत साधारणतः १० ते २० टक्क्यांनी उतरतो. अहोरात्र राबणाऱ्या हृदयास एवढीच काय ती उसंत. पहाटेनंतर रक्तदाब व नाडीची गती चढू लागतात आणि रक्ताची गुठळी होण्याकडील कलही वाढतो. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात अधिक येतात, असे अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. यावरून पहाटे उठणे अपायकारक, असा अर्थ कोणी काढू नये. रात्रीचा उतार नीट लाभला, तर सकाळची चढण हृदयास सहसा सोसते. ज्यास तो उतार लाभत नाही, त्याच्या हृदयावरचा भार साचत जातो. वर्षानुवर्षे आलटून पालटून रात्रपाळी करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण काहीसे अधिक असते, असेही पुढील पाहण्यांत दिसले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही वेळ एकट्याची आहे काय? मारोळी चंद्रशेखरन् हे आपल्याकडील जीवघड्याळाचे मोठे अभ्यासक. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मदुरैकडील गुहांतील वटवाघळांवर प्रयोग केले. उजेडाचा किरणही न पोचणाऱ्या गुहेत कोंडलेले वटवाघूळ, भोवती त्याचे जातभाई मोकळे ये-जा करीत असता, त्यांच्याच वेळेबरोबर चाले. एकटे ठेवले की त्याची वेळ हळूहळू ढळे. एका क्षुद्र जीवाची वेळ जर त्याच्या सोबत्यांच्या हाती असते, तर मनुष्याच्या झोपेवर शेजाऱ्याची सत्ता चालत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

येथे कोणी म्हणेल, मग आपल्या जागरणांचे काय? आमचे उत्तर साधे आहे. स्वतः उपवास करणे हे व्रत. दुसऱ्यास उपाशी ठेवणे हा अपराध. जागरणाचेही तसेच. गाणगापुरी वा माणिकनगरी उत्सवात जो श्रद्धेने रात्र जागवितो, तो स्वतःची रात्र देतो. परंतु वस्तीवर कर्णा लावून जो बाळंतिणीस, रुग्णास व उद्या पहाटे कामावर जाणाऱ्या मजुरास जागे ठेवतो, तो दुसऱ्याची रात्र खर्ची घालतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविण्यास मनाई केली आहे. सणासुदीस मध्यरात्रीपर्यंत सवलत द्यावयाची, तीही वर्षातून १५ दिवसांहून अधिक नाही. कायद्याने बजवावे आणि मग आपण ऐकावे, ही स्थिती धर्म मानणाऱ्यांस भूषणावह नव्हे.

सर्वांनीच रात्री निजावे, हेही शक्य नाही. गळिताच्या हंगामात भालकीकडचे साखर कारखाने रात्रंदिवस चालतात. कलबुर्गी स्थानकातून रात्रीही गाड्या जातात. रुग्णालयात परिचारिका जागी असते. वीज रात्री आली की शेतकरी कंदील वा बॅटरी घेऊन पिकास पाणी द्यावयास निघतो. यांच्या जागण्यावर आपली झोप उभी आहे. तेव्हा हे ऋण होय, आणि ऋण फेडावयाचे असते. रात्रपाळीवरून आलेल्या माणसास दिवसा निजू द्यावे, त्याच्या दारात गलका करू नये. मालकाने पाळी वरचेवर फिरवू नये. शेतीस वीज दिवसा मिळावी, ही मागणी गावाने एकमुखाने करावी. संस्थेच्या रात्रीच्या रखवालदारासही पाळीने विसावा मिळतो की नाही, हे विश्वस्तांनी जातीने पाहावे. आणि असा कोणी सकाळी छातीत कळ आल्याचे सांगू लागला, तर पित्त म्हणून सुंठ-साखर हाती न देता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

दया म्हणजे केवळ अन्नदान नव्हे. ज्याची रात्र आपल्या हाती आहे, त्यास ती सुखाने घेऊ द्यावी, हेही दानच आहे. त्यास पैसाही लागत नाही.