किंदमाचा आक्षेप

पांडूने हरिण मारलं म्हणून किंदम ऋषींनी त्याला शाप दिला, असं मुलांना सांगून आपण मोकळे होतो. आदिपर्वातला संवाद मात्र वेगळा आहे. हरणाच्या रूपात पत्नीशी रत असलेल्या किंदमांना पांडूचे पाच बाण लागतात. पांडू आपली बाजू मांडतो: मृगया हा राजाचा धर्म आहे, अगस्त्यांनीसुद्धा ती केली आहे. ऋषी हे खोडून काढत बसत नाहीत. हरिण मारलंस याचा दोष मी तुला देत नाही, असंच ते सांगतात. त्यांचा आक्षेप एवढाच, की तू थांबायला हवं होतंस. प्राण जात असताना हा माणूस मारेकऱ्याशी ‘मारलंस का’ यावर वाद घालत नाही, ‘कसं मारलंस’ याचा जाब विचारतो.

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आपल्याकडे पहिल्यावर प्रवचनं होतात, दुसऱ्यावर कोणी बोलत नाही. माझी मात्र सगळी नोकरी दुसऱ्याच्या सान्निध्यात गेली.

मी पशुवैद्य. निफाड आणि येवला तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत काम करून निवृत्त झालो, आता नाशिकला असतो. वनखात्याची गाडी दवाखान्यासमोर उभी राहिली की शवविच्छेदन आलं असं समजायचं. येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळावर काळविटं आहेत. तिथून आणलेली एक मादी मला तपशिलासकट आठवते. शेवटच्या बरगडीमागे छर्ऱ्यांची बारीक भोकं, बाहेर रक्त जवळजवळ नाहीच. पोट उघडलं तर आतड्यांना छिद्रं पडून चोथा सगळीकडे पसरलेला, वेटोळी पिवळट पडद्याने एकमेकांना चिकटलेली. असा पडदा धरायला वेळ लागतो. बंदूक झाडणारा रात्री बॅटरीच्या उजेडात बार काढून निघून गेला होता आणि त्यानंतर ही मादी दीड-दोन दिवस तरी जिवंत होती. डुकरांसाठी कणकेत गुंडाळून ठेवलेला गावठी बॉम्ब चुकून गाईने चावला तर काय होतं, हेही मी पाहिलं आहे. खालचा जबडा उरत नाही. गाय पाण्याच्या हौदाशी उभी राहते, तिला तहान असते आणि पिता येत नाही. पंचनाम्यात अशा मरणाला एक ओळ पुरते.

म्हणून माझा भाचा सुट्टीत टेक्सासहून आला आणि मोबाइलवर आपल्या शिकारीच्या गोळ्यांचे फोटो दाखवू लागला, तेव्हा घरातले बाकीचे उठून गेले तरी मी बसून राहिलो. तो तिथे रिव्हॉल्व्हरने रानडुकरं मारतो. त्या राज्यात रानटी झालेल्या डुकरांनी शेतीचं मोठं नुकसान चालवलं आहे, त्यामुळे कायदा आडवा येत नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि 1991 च्या दुरुस्तीने हौशी शिकार संपली. परवाना असलेलं पिस्तूल जवळ असलं तरी ते हौसेखातर जनावरावर रोखता येत नाही.

फोटोत चामड्याच्या तुकड्यावर दोन गोळ्या होत्या, दोन्ही डुकरांच्या अंगातून काढलेल्या. एकीच्या टोकाला मुळात खळगी असते. ती ओल्या मांसात शिरली की खळगीत दाब भरतो, तांब्याचं आवरण आधीच दिलेल्या खाचांवर फाटतं आणि शिसं पाकळ्यांसारखं मागे वळतं. 11 मिलिमीटरची गोळी 17-18 मिलिमीटरची झाली तर समोरचं क्षेत्रफळ अडीचपट होतं. जखम रुंद होते, पण तेवढ्याच प्रमाणात अडथळा वाढतो आणि गोळी लवकर थांबते. दुसरी गोळी कथील आणि अँटिमनी मिसळून कडक केलेल्या शिशाची, चपट्या तोंडाची. ती उमलत नाही. जखम अरुंद ठेवते, पण आरपार जाते. वयात आलेल्या नर डुकराच्या खांद्यावर चिवट कुर्च्यासारखी जाड ढाल असते. उमलणारी गोळी त्या ढालीतच उमलून बसली तर फुप्फुसापर्यंत पोचतच नाही. गोळी संथ असली तर खळगी उघडत नाही, फार वेगात असली तर तुकडे होतात.

भाच्याने मला आणखी एक गोष्ट नीट समजावून सांगितली. रायफलची गोळी सेकंदाला 800 मीटरच्या वर जाते. तिच्या धक्क्याने मार्गाच्या बाजूचं मांसही ताणून फाटतं. पॉइंट 44 मॅग्नमसारख्या तगड्या रिव्हॉल्व्हरची गोळी 400 मीटरच्या आसपास असते, ऊर्जा रायफलच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. ती जिथून जाते तेवढंच चिरडते. त्यामुळे हृदय किंवा फुप्फुस अचूक गाठलं नाही तर मरण लांबतं. उमलणं आणि खोल जाणं, दोन्ही हवं आणि एक वाढवलं की दुसरं घटतं, ही सगळी ओढाताण त्या दुबळ्या हत्यारापायी आहे.

“मामा, म्हणून तर आम्ही इतका विचार करतो,” तो म्हणाला. “जनावराला कळायच्या आत संपावं म्हणून.”

त्याचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीला न उमलणारी, पूर्ण आवरणाची गोळी वापरायला मनाई आहे, आणि कारण हेच, जनावर जखमी होऊन रखडू नये. पण उमलणारी गोळी माणसावर वापरायला मात्र 1899 च्या हेग परिषदेने युद्धात बंदी घातली. 1895 च्या चित्रालच्या मोहिमेत नवी गोळी शत्रूच्या आरपार जाते आणि तो थांबत नाही अशी इंग्रज शिपायांची तक्रार होती, म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात टोकावरचं आवरण काढलेली गोळी तयार झाली. माणसाच्या बाबतीत जे क्रौर्य ठरलं, तेच जनावराच्या बाबतीत दया ठरलं. यात विसंगती दिसते, पण मला ती खोटी वाटत नाही. सैनिकाला लढण्याबाहेर काढलं तरी काम होतं, नंतर त्याला वाचवायला डॉक्टर असतो. जखमी रानडुकराला डॉक्टर नसतो. त्याच्यासाठी अर्धवट जखम ही सगळ्यांत वाईट. याचा अर्थ, एकदा मारायचं ठरलं की गोळीचा आकार हा नीतीचाच भाग होतो. जो शेतकरी परवानगी काढून डुक्कर मारवतो, त्याने बंदूकवाल्याला काडतूस कोणतं आणि अंतर किती हे विचारलंच पाहिजे, असं मी गावोगाव सांगत आलो.

तरी भाच्याला मी एक प्रश्न विचारला आणि तोच माझा खरा आक्षेप आहे. हातात रायफल घेता येत असताना रिव्हॉल्व्हर का? तो म्हणाला, त्यात कस लागतो, जवळ जावं लागतं, चुकायची शक्यता असते म्हणून माणूस सावध राहतो. बरेच दिवस तो बार न काढताच परत येतो, हेही त्याने सांगितलं, आणि मला ते आवडलं, कारण पांडूला जे जमलं नाही ते त्याला जमतं. पण कस त्याचा लागतो आणि चुकीची किंमत डुक्कर मोजतं. अवघडपणा स्वतःसाठी निवडायचा तर त्याचा भारही स्वतःवरच पडायला हवा. डोंगर चढणारा अवघड वाट घेतो तेव्हा पडला तर तोच पडतो. इथे गोळी बनवणाऱ्याचं सगळं कसब मुद्दाम निवडलेल्या उणिवेची भरपाई करण्यात खर्च होतं. त्या कसबाला दया म्हणायला माझं मन घेत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदूर मध्यमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पक्षी अभयारण्य 2020 मध्ये रामसर यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथेच मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे. रामाने मारीचाला बाण मारला तो इथे, अशी गावची श्रद्धा. वाल्मीकींच्या कथेत तो बाण मारीचाचं काळीज भेदतो. याहून चांगला नेम नाही, याहून चांगला धनुर्धर नाही. तरीही मारीचाला रामाच्या आवाजात सीतेला आणि लक्ष्मणाला हाक मारण्याएवढा अवधी मिळतो. आम्हा पशुवैद्यांना हे नवं नाही. हृदय फुटलं तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर जनावर दहा-पंधरा सेकंद शुद्धीत असू शकतं. हरिण तेवढ्यात शंभर मीटर पळतं. कळायच्या आत संपावं, हे भाच्याचं म्हणणं तिथे अडतं. उमलणारी असो की आरपार जाणारी, कोणतीही गोळी ते सेकंद शून्यावर आणेल याची हमी देत नाही. त्या सेकंदांत त्या जीवाचं काय होतं, याचा हिशेब मारणाऱ्याकडे नसतो. रामायणात तर त्या एका हाकेतून सीताहरण झालं.

लासलगावला कांद्याचा व्यापार करणारे माझे एक दिगंबर जैन स्नेही आहेत, रोज स्वाध्याय करणारे. परतताना आम्ही त्यांच्याकडे थांबलो. भाच्याचं सगळं ऐकून ते रागावले नाहीत. उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना बेसावधपणा तिच्या मुळाशी ठेवला आहे, त्यामुळे पोटात छर्रे मारून निघून जाणारा आणि हा मुलगा एकाच पंक्तीत बसत नाहीत, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. पण लगेच पुढची पायरी दाखवली. श्रावकाच्या संसारात स्वयंपाकाची, उद्योगाची, स्वसंरक्षणाची हिंसा घडते. ठरवून, संकल्प करून केलेली हिंसा मात्र त्याला पूर्ण वर्ज्य. आणि एका हिंस्र जीवाला मारल्याने अनेक वाचतात, किंवा दुःखी जीवाला मारून सोडवावं, हे दोन्ही युक्तिवाद अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात नावानिशी घेऊन नाकारले आहेत. “डॉक्टर, तुम्ही इंजेक्शन देऊन जनावर झोपवता, तेही यात आलं,” असं ते शांतपणे म्हणाले.

मला हे पटत नाही. रेबीज झालेला कुत्रा मी झोपवला आहे आणि पुन्हा झोपवीन. ज्याच्या उभ्या मक्यात डुकरांचा कळप शिरतो त्याला तुझा हात निर्मळ ठेव असं सांगायला मी जाणार नाही, कारण उद्या तो कणकेत बॉम्ब ठेवील. पण त्यांच्या बोलण्याने एक गोष्ट मला स्पष्ट झाली. मारणं जितकं सफाईने होऊ लागतं तितकं ते करणाऱ्याला सोपं वाटू लागतं, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चांगलं आलं की पहिला विचारायचाच राहतो. किंदमांनी आपली तक्रार ‘कसं’पुरती ठेवली तरी पांडू त्या एका बाणप्रसंगानंतर राजवैभव सोडून अरण्यातच तप करू लागला, मृगया करत राहिला नाही.

भाच्याला मी सांगितलं, शेतकऱ्याने बोलावलं तरच जा, रायफल घेऊन जा आणि रिव्हॉल्व्हर कागदी निशाण्यावर चालव. रायफलचं त्याने मान्य केलं, रिव्हॉल्व्हरचं अजून नाही. लासलगावच्या स्नेह्यांना रायफलही मान्य नाही. दर चतुर्दशीला त्यांचा फोन येतो तेव्हा ते भाच्याची चौकशी करतात आणि आम्ही तिथूनच पुढे वाद सुरू करतो.