‘असे कोण कोणास म्हणाले?’ : शालेय शिक्षणाची अखेरची वर्षे आणि नाट्योक्तीची जबाबदारी

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या विचारला जाणारा एक प्रश्न आहे : ‘असे कोण कोणास म्हणाले?’ पाठातील एखादे वाक्य द्यायचे, विद्यार्थ्याने वक्त्याचे आणि श्रोत्याचे नाव लिहायचे, आणि परीक्षकाने एक गुण देऊन पुढे जायचे. स्मरणशक्तीच्या परीक्षेपलीकडे या प्रश्नाला काही अर्थ नाही, असे आपण गृहीत धरत आलो आहोत. प्रस्तुत लेखात या गृहीताचीच तपासणी करावयाची आहे. शालेय शिक्षणाच्या अखेरच्या वर्षांत नाटक शिकवायचे ते कशासाठी, याचे उत्तर या क्षुल्लक भासणाऱ्या प्रश्नातच दडलेले आहे आणि ते उत्तर वाङ्मयीन आहे तितकेच नैतिकही आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

कथा-कादंबरीत निवेदक असतो. पात्र खोटे बोलत असेल तर निवेदक तसे सुचवू शकतो. नाटककाराला ही सोय नसते. संहितेतील प्रत्येक उक्ती कोणाची तरी असते, कोणाला तरी उद्देशून असते आणि विशिष्ट प्रसंगाच्या दाबाखाली उच्चारलेली असते. शिवाय तिचे उच्चारक एकाहून अधिक असतात : पात्र बोलते, नट बोलतो आणि त्या दोघांच्या आडून नाटककारही काही बोलत असतो. ऐकणारेही तसेच. समोरचे पात्र ऐकते, बाजूला उभी असलेली पात्रे ऐकतात, प्रेक्षागृह ऐकते. ‘कोण’ आणि ‘कोणास’ या दोन सर्वनामांत एवढी गुंतागुंत असताना एका गुणात तिची बोळवण होते, ही आपल्या नाट्यशिक्षणाची खरी अवस्था आहे.

महाराष्ट्रात या शिक्षणाकडे अगदीच दुर्लक्ष झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ साली आलेल्या इयत्ता अकरावीच्या ‘युवकभारती’त नाटक या साहित्यप्रकाराला स्वतंत्र विभाग मिळाला आणि ‘हसवाफसवी’, ‘ध्यानीमनी’ व ‘सुंदर मी होणार’ या नाटकांतील उतारे विद्यार्थ्यांसमोर आले. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. तथापि उतारा ही गोष्टच नाटकाच्या प्रकृतीला फारशी मानवत नाही. प्रशान्त दळवी यांच्या ‘ध्यानीमनी’तील आई ज्या मुलाशी बोलते तो मुलगा अस्तित्वातच नाही. येथे ‘कोणास?’ या प्रश्नाचे उत्तर एखादे नाव लिहून देता येत नाही. आणि ते तसे का देता येत नाही, हे संपूर्ण नाटक समोर असल्याशिवाय नीट उमगत नाही. दुसरी अडचण विभागणीची आहे. नाटक पाठ्यपुस्तकात आणि नाट्य स्नेहसंमेलनात, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. वर्गात ज्याला संहिता शिकवतो त्याच्या तोंडी ती कधी येत नाही. स्नेहसंमेलनात ज्याच्या तोंडी येते त्याला आपण काय बोलतो आहोत, हे कोणी विचारत नाही.

यामुळे नेमके काय गमावले जाते, हे पाहण्यासाठी नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातील कथेकडे वळावे लागेल. इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिला प्रयोग झाला तो देवांनी दैत्यांवर मिळवलेल्या विजयाचा. दैत्य संतापले. विरूपाक्षाच्या पुढाकाराने विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. यावर दोन उपाय झाले. इंद्राने ध्वजदंड उचलून विघ्नांना झोडपले; ब्रह्मदेवाने दैत्यांना समजावून सांगितले, की नाट्य हे केवळ तुमचे किंवा केवळ देवांचे चित्रण नव्हे, ते त्रैलोक्यातील भावांचे अनुकीर्तन आहे. आपल्या परंपरेने नाटकाच्या जन्मकथेतच नाटक बंद पाडण्याची कथा गुंफली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पात्राच्या उक्तीला आणि कृतीला थेट वास्तवातील उक्ती आणि कृती समजण्याचा प्रमाद नाटकाइतकाच जुना आहे.

हा प्रमाद आजही जुना झालेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतील नटांच्या पडद्यामागील वागण्याबोलण्यावर आधारलेला विद्यार्थ्यांचा प्रयोग बंद पाडण्यात आला आणि पुढे केंद्रप्रमुखांसह विद्यार्थ्यांना अटक झाली. त्या प्रकरणाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु रामाची भूमिका करणाऱ्या नटाची भूमिका करणारा विद्यार्थी जेव्हा काही बोलतो, तेव्हा ते ‘कोण’ बोलते? शालेय प्रश्नपत्रिकेतला हाच प्रश्न येथे अत्यंत गंभीर रूपात उभा राहिला, आणि तो विचारण्याची सवय आपण समाजाला लावलेली नव्हती.

मात्र ‘ते तर पात्राचे बोलणे’ एवढे म्हणून नाटकाचा बचाव होतो, असेही मानता येत नाही. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली सरकारने बंदी घातली. भीमाचा रोख कीचकाच्या आडून कर्झनशाहीवर आहे, हे सरकारने ओळखले होते, आणि त्याचे ते वाचन चुकीचे नव्हते. प्रेक्षकांनीही तेच वाचन केले होते. बंदी अन्याय्य होती. पण ती वाचनातल्या चुकीमुळे अन्याय्य ठरत नाही. म्हणजे उक्ती पात्राची आहे हे जितके खरे, तितकेच ती पात्रापाशी थांबत नाही हेही खरे. या दोन सत्यांपैकी एकच हाती धरणारा वाचक नाटकाचा वाचक होऊ शकत नाही.

याची दुसरी, अधिक अस्वस्थ करणारी बाजू तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये दिसते. हौशी नटमंडळींनी वेळ घालवण्यासाठी मांडलेल्या लुटुपुटीच्या खटल्यात लीला बेणारे आरोपी होते आणि पाहता पाहता तिचे खाजगी आयुष्य चव्हाट्यावर येते. ज्यांनी ते आणले त्यांच्यापाशी एक हुकमी निमित्त आहे : हा तर खेळ आहे. न्यायाधीश, वकील, साक्षीदार या भूमिका त्यांना क्रौर्याची जबाबदारी टाळण्याचा परवाना देतात. दैत्यांनी भूमिका आणि वास्तव यांत फरक केला नाही. काशीकर-सुखात्मे मंडळींनी त्या फरकाच्या आड आश्रय घेतला. नाटकाच्या शिक्षणाला या दोन्ही चुकांमधून वाट काढावयाची आहे. बेणारे स्वतः शाळेत शिकवणारी आहे, हे शिक्षकाने तरी विसरू नये.

हे सारे मी तात्त्विक चर्चेतून शिकले, असे म्हणता येणार नाही. सोलापुरात काही वर्षे कनिष्ठ महाविद्यालयाचे वर्गही माझ्याकडे होते. या शहरातील वर्गात घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत प्रमाण मराठीतले वाक्य उच्चारणे हेच पहिले भूमिकाग्रहण असते. म्हणून उताऱ्यांना जोड म्हणून एखादे नाटक संपूर्ण, भूमिका वाटून वाचावे असे मी ठरवले आणि ‘एकच प्याला’ निवडले. तळीरामाच्या प्रवेशांना वर्ग खळखळून हसला. पुढच्या अंकांसाठी मी सुधाकराची भूमिका एका हुशार, स्पष्ट उच्चारांच्या मुलाला दिली. दोन-तीन वाक्ये वाचून तो थांबला. म्हणाला, “मॅडम, हे मला नको.” मी आग्रह केला, ‘अरे, ही भूमिका आहे, तू नाहीस’ असे काहीसे बोलले. तो उभाच राहिला. तळीरामाला हसताना तो एकटा हसला नव्हता, हे मला तेव्हा आठवले.

त्याच्या घरचे मला काही ठाऊक नव्हते आणि विचारण्याचा अधिकारही नव्हता. पण माझे वाक्य नेमके काशीकरांचे वाक्य होते, हे लक्षात यायला मला उशीर झाला.

प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये तरुण रक्षकांना हीन व्यक्तींचे अनुकरण करू देऊ नये, असे म्हटले, कारण अनुकरण अंगवळणी पडते. हा आक्षेप आपण सहसा सौंदर्यशास्त्राच्या नावाने बाजूला सारतो. त्याच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही, परंतु भूमिका उच्चारणाऱ्यावर काही परिणाम करून जाते, हे त्याचे निरीक्षण खोटे नाही. किंबहुना ती परिणाम करते म्हणूनच ती शिकवण्याजोगी आहे. ज्याने सुधाकराची वाक्ये स्वतःच्या आवाजात ऐकली त्याला सुधाकर केवळ ‘दुष्परिणामांचे उदाहरण’ म्हणून दिसणार नाही. मात्र याच कारणाने भूमिका नाकारण्याचा अधिकार विद्यार्थ्याला असला पाहिजे. तो नकारही नाटकाच्या आकलनाचाच एक प्रकार आहे. गुणांसाठी सक्तीने करवलेला अभिनय हा अधिकार नष्ट करतो.

त्या मुलाने पुढचे वाचन ऐकून घेतले. अखेरच्या अंकात सिंधू फौजदारासमोर खोटे बोलून नवऱ्याला वाचवते, त्या ठिकाणी त्याने विचारले, “ती हे फौजदाराला सांगते आहे की सुधाकरला?” पातिव्रत्याच्या आदर्शावर तयार ठेवलेले माझे टिपण त्या प्रश्नापुढे निरुपयोगी ठरले. सिंधूची जबानी कायद्यासमोर दिलेली आहे, ती नवऱ्यासाठी आहे, आणि प्रेक्षागृहात बसलेल्या ज्या घरांत अशाच जबान्या दिल्या जातात त्या घरांनाही ती ऐकू जाते. १९१९ साली हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा ती उक्ती बालगंधर्वांच्या मुखातून, म्हणजे एका पुरुषाच्या आवाजात, प्रेक्षकांपर्यंत पोचली होती. एका वाक्याचे इतके उच्चारक आणि इतके श्रोते असू शकतात, हे सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने समजून घेणे म्हणजे साहित्यप्रकाराचे घटक पाठ करणे नव्हे. वर्ष-दोन वर्षांत तो मतदार होणार असतो. रोज त्याच्या कानी असंख्य वाक्ये पडणार असतात, ज्यांचा खरा वक्ता आणि खरा श्रोता दडवलेला असेल.

म्हणून प्रश्नपत्रिकेतून तो जुना प्रश्न काढून टाकावा, असे मी म्हणणार नाही. तो राहावा. मात्र त्यापुढे आणखी दोन प्रश्न जोडावेत : ते आणखी कोणी ऐकले? आणि ते बोलल्याची जबाबदारी कोणाची? या प्रश्नांची उत्तरे एका शब्दात येणार नाहीत आणि तपासनीसाला आदर्श उत्तरपत्रिकेचा आधार मिळणार नाही. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देताना माझ्यापाशीही तो नव्हता.