भोकाचा पैसा

माजी विद्यार्थ्याला बंगालीत ‘प्राक्तनी’ म्हणतात. आपल्याकडे प्राक्तन म्हणजे कपाळी लिहिलेलं. बराकपूरच्या एका वयोवृद्ध प्राक्तनींशी गप्पा मारताना मला दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येत होते.

ते राष्ट्रगुरू सुरेंद्रनाथ कॉलेजच्या सुरुवातीच्या तुकड्यांतले. कॉलेज १९५३ चं. ज्यांचं नाव त्याला दिलं ते सुरेंद्रनाथ बॅनर्जी आपल्यालाही परके नाहीत. १८९५ च्या पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष तेच. १९२५ मध्ये ते वारले ते बराकपुरात.

माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेत ‘तेव्हा जगात काय घडत होतं’ असं एक पान हटकून असतं. १९५३ एव्हरेस्ट, १९५६ सुएझ, १९५७ स्पुटनिक. हेच पान सांगलीच्या कॉलेजने छापलं तरी चालेल आणि लंडनच्याही. म्हणूनच ते मला खोटं वाटतं. पानावरच्या तारखा बरोबर असतात, पण कॉलेजातली ती पोरं त्यात कुठेच नसतात.

या गृहस्थांना १९५३ म्हटलं की एव्हरेस्ट नव्हे, ट्राम आठवते. त्या जुलैत कलकत्त्याच्या ट्रामचं दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशाने वाढलं. पैसा म्हणजे जुना, रुपयाला चौसष्ट. युद्धकाळात तांबं वाचवायला मधोमध भोक पाडलेला पैसा निघाला होता, आपल्याकडेही आज्यांच्या डब्यांत तो सापडतो. तसला एक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. वजन जवळजवळ नाहीच. एवढ्याशा नाण्यापायी महिनाभर शहर पेटलं, ट्रामगाड्या जळल्या आणि शेवटी भाडेवाढ मागे घ्यावी लागली. बराकपुरात ट्राम नव्हती. पण लोकलने सियालदाला उतरलेल्या पोराला पुढे ती लागायचीच. शिवाय कंपनी लंडनची. स्वराज्य येऊन सहा वर्षं झाली तरी भाडं साहेबाच्या खिशात जातंय, ही सल त्या पैशाहून जड होती.

१९५६ चं मात्र मला नवल वाटलं. जानेवारीत नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असं रेडिओवर सांगितलं आणि इथे गोळीबार सुरू झाला. आमचे मामा तेव्हा रुइयात शिकत होते. संचारबंदीतली मुंबई ते अजून काल पाहिल्यासारखी सांगतात. त्याच महिन्यात तिकडे बिधानचंद्र रॉय आणि श्रीकृष्ण सिन्हा यांनी बंगाल आणि बिहार एकच राज्य करायचं ठरवलं. बंगाली पोरं रस्त्यावर आली. मेघनाद साहा वारल्याने लोकसभेची एक जागा रिकामी झाली होती, ती पोटनिवडणूक विलीनीकरणाचे विरोधक मोहित मैत्र यांनी जिंकली आणि मे महिन्यात रॉयबाबूंनी बेत गुंडाळला. मुंबईसह महाराष्ट्रासाठी आम्हाला मात्र पुढे चार वर्षं थांबावं लागलं.

एकाच महिन्यात, भाषेच्या एकाच प्रश्नावर दोन शहरांतली कॉलेजं ओस पडली होती. मामांना बंगालचं काही ठाऊक नाही, यांना मुंबईचं नाही. दोघांनाही वाटतं, असा लढा आपणच दिला. जो तो आपल्या गल्लीची बातमी जपून ठेवतो यात वावगं काही नाही. पण शेजारच्या गल्लीची बातमी वगळून थेट स्पुटनिकवर उडी मारायची, ही स्मरणिकेवाल्यांची खोड मला खटकते. देश मधल्या मधे गळून जातो.

१९५९ च्या अन्नआंदोलनावर ते फारसे बोलले नाहीत. ३१ ऑगस्टला भुकेल्यांच्या मोर्चावर पोलीस तुटून पडले, दुसऱ्या दिवशी विद्यार्थी निघाले तर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ऐंशी गेले असं डावे सांगत, सरकार मानत नसे.

मग त्यांनीच विचारलं, “तुमच्या मुंबईत किती?”

“एकशे पाच,” मी म्हटलं. हा आकडा आपल्याला पाढ्यासारखा पाठ.

“त्यात छात्र किती?”

हुतात्मा चौकातून मी हजारदा गेलो असेन. हा हिशेब कधी केला नव्हता. भोकाचा पैसा अजून माझ्याच हातात होता, तो मी त्यांना परत दिला.