हिशेब विचारणें हा अपमान आहे काय?

गांवांत कोणीं पंचायतीच्या खर्चाचे कागद पाहावयास मागितले, तर पुष्कळदां उलट प्रश्न येतो : "आमच्यावर विश्वास नाहीं काय?" ह्या एका वाक्यानें विचारणाराच अपराधी ठरतो. आम्हांस वाटतें, येथें मोठी गल्लत होत आहे. विश्वास मनुष्याच्या स्वभावावर ठेवावयाचा असतो. हिशेब मात्र पैशाचा द्यावयाचा असतो, आणि तो पैसा सरपंचाचा नव्हे.

राजस्थानांत १९९४ सालीं मजदूर किसान शक्ति संघटनेनें जनसुनावण्या भरविल्या. सरकारी कामांचे हजेरीपट सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचण्यांत आले. ज्यांनीं कधीं घमेलें उचललें नव्हतें त्यांचीं, इतकेंच काय, मृतांचींही नांवें मजुरीच्या यादींत निघालीं! ज्यांस अक्षरओळख नव्हती, त्यांनींही ही लबाडी तत्काळ ओळखली. कारण कामावर कोण होता हें शेजाऱ्यास ठाऊक असतेंच. पुढें १९९६ सालीं ब्यावर येथें चाळीस दिवस धरणें धरावें लागलें. २००५ सालीं संसदेनें माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. आतां अर्जास तीस दिवसांत उत्तर देणें अधिकाऱ्यास बंधनकारक आहे.

प्रामाणिक सरपंचाचें ह्यांत काय बिघडतें? उलट, कुजबुजींत वाढणारा संशय उघड वाचनानें फिटतो. परंतु वाचकहो, दोष केवळ सत्तेवरील मंडळींचा नाहीं. ग्रामसभेंत जमाखर्च वाचावयास घेतला म्हणजे भिडेस्तव मान डोलावून, सही करून, घरीं जाण्याची घाई आम्हींही केली आहे.