चॅपलचा झाला हॉल

वेल्समध्ये बेथेस्डा, कार्मेल, नेबो अशी बायबलमधली नावं लावणारी गावं आहेत. स्लेटच्या खाणींवर मजूर जमले, पै-पैशाच्या वर्गणीतून त्यांनी चॅपल बांधलं आणि चॅपलचंच नाव गावाला पडलं. आज उपासकच उरले नाहीत, म्हणून अशी कितीतरी चॅपलं बंद पडली आहेत. त्यातल्या काहींचे गावाने सार्वजनिक हॉल केले. उपासनेचे बाक निघाले, घडीच्या खुर्च्या आल्या. हा विटाळ नव्हे असं मी म्हणतो, आणि त्याचा आधार ही चॅपलं बांधणाऱ्या पंथांच्याच शिकवणीत आहे. अँग्लिकन चर्चबाहेर पडलेल्या बाप्टिस्ट, इंडिपेंडंट, मेथडिस्ट मंडळींच्या लेखी चर्च म्हणजे जमलेली माणसं. इमारत नुसती जमण्याची जागा. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठा झालेला देव कायद्यानेही मिळकतीचा धनी ठरतो, तसं तिथे कोणी भिंतींत वसलेलं नव्हतं. पावित्र्याबाबत काटेकोर असलेल्या कॅथलिकांच्या धर्मकायद्याचं १२२२वं कलमसुद्धा उपासनेला निरुपयोगी झालेलं चर्च ऐहिक, पण हीन नसलेल्या कामाला द्यायची मुभा देतं.

यावर कोणी म्हणेल, सिद्धांत राहू द्या. जिथून आईबापांना शेवटचा निरोप दिला तिथे बॅडमिंटन कसं खेळायचं? ही वेदना खरी आहे, पण ती हॉलच्याच बाजूने बोलते. गावाला नाव देणाऱ्या बेथेस्डा चॅपलमध्ये पुढे सदनिका झाल्या. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी वर्गणी दिली त्यांना तिथे आता दार ठोठावावं लागतं. हॉलमध्ये निदान हक्काने शिरता येतं. याहून अवघड आक्षेप वेगळा आहे. हॉलमध्ये माणसं आवडीने येतात, कधी भाडं भरून. चॅपलमध्ये न पटणाऱ्याच्याही शेजारी दर रविवारी बसावं लागे. ती सक्ती आणि ती प्रार्थना हॉल देऊ शकत नाही, हे मान्यच. तरी जुन्या एकोप्याचं चित्र फार गोड रंगवू नये. एकाच छोट्या गावात पंथागणिक वेगळं चॅपल असे, आणि पेन्ऱ्हिन खाणीच्या १९००–१९०३च्या संपात बेथेस्डा असं दुभंगलं की आपल्या घरात गद्दार नाही अशा पाट्या लोकांनी खिडक्यांत लावल्या. एकाच येशूची स्तोत्रं म्हणणारी ही माणसं! पंथ न विचारता सगळ्या गावाला एका छपराखाली घेण्याचं काम हॉलच्या वाट्याला आलं आहे. म्हणून हॉलच्या समितीला देवाबद्दल नव्हे, भाड्याच्या दरपत्रकाबद्दल विचारावं: ज्याला परवडत नाही त्याला किल्ली मिळते का?